ताटीवरचे पाणी आणि इंजिनातली हवा



जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यात तिसऱ्या चौकात एक दालन आहे. त्याचे नाव सुखनिवास. समोर जयमंदिर, म्हणजे प्रवाशांच्या तोंडी असलेला शीशमहाल. मध्ये छोटासा बाग. आणि या बाजूला हे दालन. शीशमहालापुढे गर्दी मावत नाही, सुखनिवासाकडे मात्र पुष्कळजण पाठ करून उभे राहतात. या दालनाच्या मागच्या भिंतीतून पाणी उतरत असे. संगमरवराच्या खवलेदार उतारावरून ते पातळ पडद्यासारखे पसरत खाली येई, जमिनीतल्या पन्हळीतून दालनाच्या मधोमध वाहत जाई आणि शेवटी बागेला मिळे. आत येणारी वाऱ्याची झुळूक त्या ओल्या दगडावरून आणि वाहत्या पाण्यावरून फिरत असल्यामुळे भर उन्हाळ्यातही दालन गार राही. हे दालन ज्याच्या काळातले मानले जाते तो मिर्झाराजा जयसिंह मराठी मुलांना निराळ्या कारणाने ठाऊक असतो. 1665 च्या जून महिन्यात पुरंदरचा तह शिवाजी महाराजांशी करणारा तोच हा जयसिंह. पुरंदरच्या पायथ्याशी छावणी टाकून बसलेल्या त्या सेनापतीच्या घरी हवा पाण्यावरून फिरवून थंड करण्याची सोय होती, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात यायला हरकत नाही.

आजचा विषय मोटारीच्या इंजिनाचा आहे. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात जाणाऱ्या हवेवर पाण्याचा सूक्ष्म फवारा मारून ती थंड करणे, असा तो विषय. त्याची सुरुवात आमेरच्या महालातून करण्याचे कारण एवढेच की सुखनिवासात आणि इंजिनात घडते ती क्रिया एकच आहे. ज्याला पहिली नीट समजली त्याला दुसरीत नवीन असे फारसे काही उरत नाही.

पाणी स्वतः थंड असते म्हणून हवा थंड होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अगदी चुकीचा नाही, पण त्यातला खरा वाटा फार लहान आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला सुमारे 4.2 ज्यूल उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाला वाफ होऊन हवेत मिसळायचे असेल तर त्याला सुमारे 2,400 ज्यूल लागतात. हाच तो बाष्पनाचा अप्रकट उष्मा. ही उष्णता पाण्याला कोणीतरी द्यावी लागते आणि जवळ दुसरे कोणी नसेल तर ती हवाच देते. एक किलो हवेचे तापमान एका अंशाने उतरायचे तर तिच्यातून साधारण 1,000 ज्यूल काढावे लागतात. म्हणजे एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी विरले की ती हवा सुमारे 2.4 अंशांनी थंड होते. हा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

विदर्भातल्या घरांना हे शिकवावे लागत नाही. वाळ्याच्या ताट्या खिडक्यांना बांधून त्यांवर पाणी मारत राहणे, पुढे लोखंडी पेटीचा कूलर, त्यात वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ताट्या आणि रात्रभर घुरघुरणारा पंखा, हे नागपूर-अकोल्याचे नित्याचे चित्र. जयपूरचेही तेच. वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख अबुल फजलाच्या आईन-ए-अकबरीत आहे. मे महिन्याच्या दुपारी जयपूरची हवा 42 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा 21-22 अंशांपर्यंत खाली येतो. पाण्याच्या बाष्पनाने हवा थंड करण्याची ती शेवटची मर्यादा. चांगला कूलर या मर्यादेच्या तीन-चतुर्थांश वाट कापतो आणि 42 अंशांच्या लू मधून 26-27 अंशांचा वारा काढतो. मुंबईत मात्र 33 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असते तेव्हा ओल्या फडक्याचा पारा 28 च्या आसपास अडकतो. म्हणजे सारे काही आदर्श घडले तरी लाभ पाच अंशांचा, आणि वर अंग चिकट होण्याची शिक्षा. मुंबईच्या घरात कूलर टिकत नाही आणि नागपूरच्या घरात कूलरवाचून निभत नाही, याचे कारण दोन्हीकडच्या माणसांच्या आवडीनिवडीत नसून हवेत पाण्यासाठी किती जागा शिल्लक आहे यात आहे.

आता इंजिनाकडे वळू.

इंजिन पेट्रोलवर चालते असे म्हणण्याची रीत आहे. वजनाचा विचार केला तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवायची तर पेट्रोल जास्त ओतून भागत नाही. पेट्रोल ओतणे सोपे आहे, हवा कोंबणे अवघड. टर्बोचार्जर हे हवा कोंबण्याचे यंत्र. सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त धूर एका छोट्या चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून दाबते आणि सिलिंडरमध्ये ढकलते. गेल्या काही वर्षांत भारतीय रस्त्यांवर एक-सव्वा लिटरच्या, तीन सिलिंडरांच्या टर्बो पेट्रोल गाड्या सर्रास दिसू लागल्या आहेत. मोठ्या इंजिनाचे काम लहान इंजिनाकडून करून घेण्याची ती युक्ती आहे.

युक्तीची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. टर्बोमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर होते. जयपूरची 42 अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली आणि टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा जवळजवळ 140 अंशांची होते. उकळत्या पाण्यापेक्षा ती चाळीस अंश जास्त तप्त. तापली की प्रसरण पावते, म्हणजे जी कोंबण्यासाठी एवढा खटाटोप केला तिचाच काही भाग पुन्हा बाहेर राहतो. म्हणून गाडीच्या पुढच्या जाळीमागे इंटरकूलर बसवतात. रेडिएटरसारखीच ती पत्र्यांची जाळी. आतून तप्त हवा जाते, बाहेरून वारा. चांगला इंटरकूलर 140 ची हवा 70 अंशांच्या आसपास आणतो. त्याहून खाली आणणे त्याला जड जाते, कारण बाहेरचा वाराच मुळी 42 चा. आणि सांगानेर रस्त्यावरच्या सिग्नलला गाडी उभी असेल तर वाराही नाही.

जागा कमी पडणे हे एकच दुखणे असते तर इंजिनीअरांनी ते सोसले असते. दुसरे दुखणे अधिक घातक आहे. सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगपाशी ठिणगी पडते, ज्वाला पसरू लागते आणि पुढे सरकताना उरलेले मिश्रण कोपऱ्यात दाबत जाते. ते मिश्रण आधीच तप्त असेल तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेते. हा पेट शांतपणे होत नाही, धक्क्यासारखा होतो. गॅरेजमधला कारागीर याला नॉकिंग म्हणतो. चढावर गाडी ओढताना इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच. असे वारंवार झाले की पिस्टनचा माथा खरवडला जातो, कधी फुटतोही. ते टाळण्यासाठी आधुनिक गाडीचा संगणक तीन उपाय करतो. ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे ताकद घटते. टर्बोचा दाब कमी करतो, म्हणजे टर्बो असून नसल्यासारखा होतो. किंवा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. हे जास्तीचे पेट्रोल जळण्यासाठी नसते. त्याने वाफ होऊन उष्णता शोषावी आणि धूर निवळावा एवढ्याचसाठी ते असते. थोडक्यात, पेट्रोलने ताटी भिजवण्याचा तो प्रकार. ऐन वेगात पेट्रोल इंजिन जेवढे इंधन पिते त्यातला सुमारे एक पंचमांश भाग अशा रीतीने वाया जातो, असे बॉश या जर्मन कंपनीचे सांगणे आहे.

पेट्रोलचा बाष्पनाचा उष्मा दर ग्रॅमला सुमारे 350 ज्यूल. पाण्याचा 2,400. सहा-सात पट स्वस्तात होणारे काम महागड्या द्रवाकडून करवून घेणे कोणत्याही काटकसरी गृहिणीला पटणार नाही. मग पाणीच का मारू नये?

मारतात. इंटरकूलरनंतर, हवा सिलिंडरकडे जाते त्या नळीत एक बारीक तोंडाची तोटी बसवतात. लहान पंप पाण्याला दाब देतो आणि तोटीतून धुक्यासारखा फवारा सुटतो. पेट्रोलच्या वजनाच्या एक पंचमांश पाणी सोडले असे धरू. एक किलो पेट्रोलबरोबर 200 ग्रॅम पाणी, 14.7 किलो हवेत. सुरुवातीचा हिशेब लावला तर हवा 32 अंशांहून अधिक थंड व्हायला हवी. प्रत्यक्षात सगळे पाणी नळीतच विरत नाही. काही थेंब सिलिंडरपर्यंत तसेच पोहोचतात आणि पिस्टन वर येत असताना, हवा पुन्हा दाबली जाऊन तापत असताना, तिथे वाफ होतात. यात तोटा काहीच नाही. उलट जिथे उष्णता सर्वांत घातक असते त्याच क्षणी ती शोषली जाते. नॉकिंगच्या दृष्टीने हे उशिरा विरणारे पाणीच अधिक उपकारक ठरते.

इथे एखादा जाणता विद्यार्थी हटकून विचारील की मुंबईत कूलर चालत नाही, तर मुंबईच्या गाडीत हा फवारा तरी कसा चालेल? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात या विषयाची सगळी गंमत साठवलेली आहे. मुंबईची 33 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची दमट हवा टर्बोत शिरते. दुप्पट दाबली जाते, म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचा दाबही दुप्पट होतो. हवा मात्र इंटरकूलरनंतरही 62 अंशांची असते. आणि 62 अंशांची हवा जेवढे बाष्प सामावू शकते ते 33 अंशांच्या हवेच्या चौपटीहून जास्त. दोन्हींचा मेळ घातला की सापेक्ष आर्द्रता 70 वरून एकदम 32 टक्क्यांवर येते. खोलीत पाच अंशांवर अडणारी मुंबईची हवा त्या नळीत 17 अंशांपर्यंत खाली येऊ शकते आणि सिलिंडरमध्ये आणखी. जयपूरची हवा तर त्याच नळीत 7-8 टक्के आर्द्रतेची होते; तिला तीस अंशांहून अधिक उतरण्याची मुभा असते. टर्बो चालू झाला की कोकणातल्या गाडीच्या पोटातही मारवाडाचा उन्हाळा सुरू होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही कल्पना आजची नव्हे. हंगेरीचा इंजिनीअर दोनात बांकी याने 1890 च्या दशकात इंजिनात पाणी फवारून पाहिले होते. पण तिला खरा बहर आला दुसऱ्या महायुद्धात, आणि मोटारीत नव्हे, विमानात. अमेरिकेच्या थंडरबोल्ट विमानाच्या अठरा सिलिंडरांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाची मूळ ताकद 2,000 अश्वशक्ती. पाण्याचा फवारा सुरू केला की काही मिनिटांपुरती ती 2,300 च्या घरात जाई. शत्रू पाठीशी असताना ही काही मिनिटे म्हणजे जीव वाचण्याची किंवा न वाचण्याची. 1944 पासून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या याच जातीची विमाने भारताच्या पूर्व सीमेवरून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर नेत होत्या. जर्मनांनी आपल्या विमानांत निम्मे मिथेनॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण वापरले. मिथेनॉलमुळे उंचावरच्या थंडीत पाणी गोठत नाही, शिवाय ते स्वतः जळतेही.

भारतात या विद्येचा सर्वांत दीर्घ संसार झाला तो अव्रो विमानात. हॉकर सिडली 748 असे त्याचे नाव. कानपूरला जुळवलेले पहिले विमान 1 नोव्हेंबर 1961 रोजी उडाले आणि पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने अशी एकूण 89 विमाने बांधली. हवाई दल आणि इंडियन एअरलाइन्स दोघांनीही ती वापरली. त्याला रोल्स-रॉइसची डार्ट इंजिने. डार्ट हे पिस्टनचे इंजिन नव्हे, टर्बाइन आहे; पण हवा आत घेऊन दाबण्याचा धर्म तोच आणि उन्हाळ्याचे दुखणेही तेच. हवा तापली की विरळ होते, विरळ झाली की टर्बाइनची ताकद घटते आणि भरलेले विमान धावपट्टी संपेपर्यंत उठेल की नाही हा प्रश्न उभा राहतो. म्हणून उड्डाणाच्या वेळी हवा दाबणाऱ्या चक्राच्या तोंडाशी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडत आणि उन्हाने खाल्लेली ताकद परत मिळवत. राजस्थानसारख्या प्रदेशात ही चैन नव्हती. वजन न उतरवता निघायचे असेल तर ती गरज होती. पन्नास-साठ वर्षे सेवा करून ही विमाने आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. त्यांची जागा घेणारी सी-295 विमाने 2023 पासून हवाई दलात येऊ लागली आहेत.

विमानात ही युक्ती यशस्वी झाली आणि मोटारीत अडखळली. का, हे पाहणे उद्बोधक आहे.

1962 साली अमेरिकेच्या ओल्डस्मोबिल कंपनीने जेटफायर नावाची गाडी बाजारात आणली. टर्बो असलेल्या जगातल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी ती एक. साडेतीन लिटरचे ॲल्युमिनियमचे इंजिन, दाबाचे प्रमाण 10.25 ला 1. त्या काळी टर्बोच्या जोडीला एवढे प्रमाण ठेवणे म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती आणि त्या मिश्रणाला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव दिलेले होते. यंत्र उत्तम होते. फक्त बाटली रिकामी झाली की मालकाने ती भरायची होती. मालक भरत नसत. बाटली रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब अडवी आणि गाडी मरगळे. मालक गाडीला दोष देत. दोन वर्षांत सुमारे साडेनऊ हजार गाड्या विकून हा प्रयोग आटोपला. पुढे टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची पाळी कंपनीवर आली.

वैमानिकापाशी यंत्राची रोज तपासणी करणारी माणसे असतात. टाकी भरली की नाही हे पाहिल्यावाचून विमान हलत नाही. घरातली गाडी अशी शिस्त मागू लागली की हरते. या बाबतीत ताटीचा इतिहासही निराळा नाही. साहेबाच्या बंगल्यात वाळ्याची ताटी गार राही, कारण बाहेर उन्हात उभा राहून तिच्यावर पखालीतले पाणी मारणारा भिस्ती असे. आमेरच्या महालात पाणी वाहे, कारण खालच्या मावठा तलावातून रहाटांच्या टप्प्याटप्प्याने ते गडावर चढवले जाई. वर्णनांत गारवा येतो, रहाट ओढणारे येत नाहीत. आज ती पन्हळ कोरडी आहे आणि सुखनिवासाची हवा बाहेरच्या हवेइतकीच तापते.

अलीकडे दोन प्रयत्न लक्षणीय झाले. बीएमडब्ल्यूने 2015 साली एम4 जीटीएस ही गाडी जाहीर केली. तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, 500 अश्वशक्ती. मागच्या डिकीत पाण्याची पाच लिटरची टाकी आणि हवेच्या पेटीत तीन तोट्या. इंजिन बंद केले की नळीतले पाणी टाकीत परत ओढून घेतले जाते, थंडीत ते गोठू नये म्हणून. शर्यतीच्या मार्गावर दर वेळी पेट्रोलबरोबर पाणीही भरावे लागते. अशा गाड्या मर्यादित संख्येतच निघाल्या. हौशी श्रीमंतांचे हे खेळणे, असे म्हणून सोडून देता आले असते. पण दुसऱ्याच वर्षी बॉशने हीच सोय साध्या गाड्यांसाठी मांडली. त्यांचा भर ताकदीवर नव्हता, वाया जाणाऱ्या पेट्रोलवर होता. वेगात चालताना 13 टक्क्यांपर्यंत बचत आणि पाणी सरासरी 3,000 किलोमीटरला एकदा भरायचे, असा त्यांचा दावा. तरीही घरोघरी ही यंत्रणा पोहोचलेली नाही. विजेच्या गाड्या आल्या हे एक कारण. जेटफायरची रिकामी बाटली हे दुसरे.

जयपूरमध्ये हा विषय मांडताना पाण्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. 1982 च्या आशियाई खेळांत ज्या रामगढच्या तलावात नौकानयनाच्या शर्यती झाल्या, जो तलाव पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागवत होता, तो पुढे आटला. आता शहराला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणातून, शंभरावर किलोमीटरवरून पाणी येते. अशा गावात गाड्यांना पाणी पाजायचे म्हणजे उधळपट्टी, असे वाटणे स्वाभाविक आहे. हिशेब करून पाहावा. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी सुमारे 670 लिटर, म्हणजे 500 किलो पेट्रोल जाळते. सतत एक पंचमांश पाणी सोडले तरी ते वर्षाला 100 लिटर. आणि फवारा तर केवळ जोर लागेल तेव्हाच सुटतो. आता कूलर घ्या. तासाला दोन हजार घनमीटर हवा फेकणारा मध्यम कूलर ती हवा 15 अंशांनी थंड करताना तासाला 13-14 लिटर पाणी हवेत उडवतो. रात्रीच्या आठ तासांत शंभर लिटरांहून अधिक. गाडीला वर्षभर पुरणारे पाणी घरचा कूलर एका रात्रीत पितो. पाण्याची टंचाई हे या यंत्राविरुद्धचे कारण होऊ शकत नाही. कूलरविरुद्धचे होऊ शकते, पण ते मे महिन्यात जयपूरला किंवा नागपूरला जाऊन सांगण्याचे धैर्य कोणी करू नये.

पाणी किती यापेक्षा पाणी कसले हा प्रश्न खरा अवघड. कूलरच्या ताट्यांवर दोन महिन्यांत पांढरा, कडक थर चढतो. बोअरच्या पाण्यातले क्षार ते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कूलरची ताटी बदलता येते, केसाएवढ्या छिद्राची तोटी तशी नव्हे. ती अर्धवट तुंबली तर संगणकाला वाटते पाणी जात आहे, आणि सिलिंडरला ते मिळत नसते. ही स्थिती पाणी अजिबात नसण्यापेक्षा वाईट. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच डिस्टिल्ड पाणी इथे लागते, आणि पाणी थांबले की त्याच क्षणी ठिणगी मागे घेणारी व दाब उतरवणारी यंत्रणाही लागते. बाजारात सुटे संच मिळतात, ते आपल्या हाताने गाडीत बसवण्याचा मोह तरुण मुलांना होतो. जादा पाणी सोडले तर ठिणगी विझते, तेलात पाणी मिसळते, लोखंड गंजते. मिथेनॉल तर विष आहे आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यास मनाई करते. हे कलम इथे रुक्ष वाटले तरी अनाठायी नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात फार कुतूहलाची आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन जळला की पाणी होते. एक किलो पेट्रोल जळून सुमारे 1.4 किलो पाणी तयार होते आणि वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकते ते हेच. फवाऱ्याला लागणार 200 ग्रॅम; गाडी त्याच्या सातपट पाणी रस्त्यावर टाकत जाते. त्यातला सातवा हिस्सा जरी थंड करून, गाळून परत वापरता आला तर बाटली भरण्याचा प्रश्नच मिटतो. बीएमडब्ल्यूने एका प्रायोगिक गाडीत दुसरा मार्ग धरला होता: वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जमवून तेच इंजिनाला द्यायचे. मुंबईत ही सोय झकास चालेल, कारण तिथल्या एसीतून पाण्याची धारच लागते. जयपूरच्या कोरड्या हवेतून जेमतेम थेंब मिळतील. कूलरच्या वेळी जिची चेष्टा झाली त्या दमट हवेने असा सूड उगवावा, हे गमतीचे आहे. धुरातले पाणी मात्र दोन्ही गावांत सारखेच निघते. ते आम्लयुक्त असते, ते निवळवून वापरण्याजोगे करणे हे काम अजून स्वस्तात साधलेले नाही. शाळेच्या बाकांवर आज बसलेल्यांपैकी कोणाला इंजिनीअर व्हायचे असेल तर हात घालण्याजोगी जागा ही आहे.

तोवर एक प्रयोग शाळेतही होऊ शकतो. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोघांना सावलीत, वाऱ्यावर टांगावे आणि दुपारी तीन वाजता दोन्हींचा पारा वहीत लिहावा. जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा, जुलैत पाऊस लागल्यावर एकदा. जयपूर, नागपूर किंवा अकोल्याला कोणाचे नातलग असतील तर त्यांच्याकडूनही त्याच दिवसांचे आकडे मागवावेत. दोन पाऱ्यांमधले अंतर जेवढे मोठे, तेवढी त्या दिवशी हवेत पाण्यासाठी जागा शिल्लक आहे असे समजावे.